वारली चित्रं, बारा हजारांची नोकरी आणि मालकी कोणाची

पत्र : आम्ही वारली. मुलगी एस. वाय. बी. ए.ला आहे. वारली चित्रं काढते, मोबाइलवर व्हिडिओही टाकते. मुंबईचा एक दुकानदार महिना 12,000 रुपये पगारावर तिला चित्रं काढायला बोलावतो आहे. तिचा चॅनलही त्याचीच माणसं सांभाळतील म्हणतो. ती म्हणते, मी स्वतःचं करीन. कॉलेज सोडू द्यावं का? काय करावं?
– एक वडील, डहाणू तालुका

उत्तर :
कॉलेज सोडू देऊ नका. हजेरीची अडचण असेल तर मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करता येते. पण नोकरीला हो म्हणण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या.

कॉपीराइट कायद्याच्या 17व्या कलमाप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट मालकाकडे जातो, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. म्हणजे तिने काढलेला तारपा नाच दुकानदाराने हजार पिशव्यांवर छापला, तरी पगारापलीकडे तिला काही मिळणार नाही. बऱ्याच चित्रकारांना माहीत नसलेला भाग पुढे आहे. नोकरी नसली, पण कोणी पैसे देऊन सांगून चित्र काढून घेतलं, तरी हेच कलम लागू होतं. म्हणून प्रत्येक ऑर्डरच्या कागदावर, कामाला हात लावण्याआधी, दोघांच्या सहीने एक ओळ हवी : ‘मूळ चित्र विकले आहे, कॉपीराइट चित्रकाराकडे राहील.’

छपाईसाठी चित्र हवं असेल तर ते वापरण्याची परवानगी द्यावी, हक्क विकू नये. कोणत्या वस्तूवर, किती नग, किती वर्षं, कुठे, नगामागे किती पैसे, हे सगळं लिहून घ्या. मुदत लिहिली नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर सगळा भारत. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असं कुठे दिसलं तर सही थांबवा.

वारली चित्रकलेला 2014मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. तो अर्ज तुमच्याच डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाचा होता. मुलीनेही अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं. अर्ज चेन्नईच्या जीआय कार्यालयाकडे जातो, 2020च्या नियमबदलानंतर त्याचं शुल्क 10 रुपये आहे. मात्र जीआय राखतं ते ‘वारली’ हे नाव. तिचं एकेक चित्र राखायला ऑर्डरच्या कागदावरची ती ओळच लागते.

बाकीचे कागद सोपे आहेत. आधी जातीचा दाखला, आधार, पॅन आणि बँकेचं खातं यांवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं करून घ्या, कारण अर्ज अडकतात ते इथेच. मग उद्यम, म्हणजे केंद्र सरकारकडची लघुउद्योगाची नोंदणी. ती फुकट असते, पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नव्हे. त्यात प्रवर्ग एसटी निवडायला विसरू नका, कारण केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी करायच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांसाठी 4 टक्के आणि महिलांच्या उद्योगांसाठी 3 टक्के वाटा ठरवलेला आहे. हस्तकला विकास आयुक्तांचं ‘पहचान’ कार्ड काढा, सरकारी प्रदर्शनांत गाळा मागताना ते कामी येतं. नाशिकच्या शबरी आदिवासी महामंडळामार्फत आदिवासी महिलांसाठी 4 टक्के व्याजाचं कर्ज आहे, 2 लाखांपर्यंतच्या कामाला, खर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत. पण पहिल्या वर्षी ते घेऊ नये. कापड, गेरू आणि रंग एवढ्याला कर्ज लागत नाही.

आता मालाकडे या. भिंतीवर तांदळाचं पीठ आणि डिंक शोभतो. विकायच्या कापडावर मात्र पावसाळ्यात त्याला बुरशी धरते आणि गुंडाळलं की पापुद्रे सुटतात. शेण-गेरूच्या पार्श्वभूमीवर पांढरा ॲक्रिलिक वापरा आणि मागच्या चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहा. जाणकार गिऱ्हाईक रंग विचारतंच. पाठवताना चित्राची बाजू बाहेर ठेवून, वर बटर पेपर घालून, निदान 4 इंच व्यासाच्या नळीवर सैल गुंडाळा. बारीक नळीत घट्ट कोंबलं की पांढऱ्या रेघांना भेगा जातात, आणि चित्र परत येतं.

किंमत तासांवर धरा. समजा, 2 बाय 3 फुटांच्या चित्राला 40 तास लागले, तासाला 80 रुपये मजुरी धरली, तर 3,200 झाले. त्यात सामान 350 आणि नळी-कुरिअर 250 मिळवा, म्हणजे 3,800. याच्या खाली विकलं तर ती स्वतःच्या मजुरीतून गिऱ्हाइकाला सवलत देते आहे. दुकानातून विकायचं असेल तर दुकानाचा वाटा यावर चढवायचा, यातून कापायचा नाही.

चॅनलचा ईमेल, मोबाइल नंबर आणि बँक खातं, तिन्ही तिच्याच नावाचं हवं. यूट्यूबच्या जाहिरातींचे पैसे 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास पाहणी, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सची 1 कोटी पाहणी झाल्यावर सुरू होतात. तोवर व्हिडिओचं काम चित्राला गिऱ्हाईक आणणं. टोक चावून कुंचल्यासारखी केलेली बांबूची काडी, टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, त्यातून उभा राहिलेला माणूस, हे जवळून दाखवा. बोलणं वारलीतच असू द्या, खाली मराठी ओळी. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात घराच्या भिंतीवर काढायचं चित्र, मात्र वेगळा. तो सुवासिनींनी लिहायचा, धवलेरीच्या, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईच्या, गाण्यांसोबतचा, पालघाट देवीचा. धवलेरीला आणि त्या घराला विचारल्याशिवाय तिथे कॅमेरा काढू नये. नाही म्हणाले, तर नाही.

दुकानदाराला तोडून टाकू नका. पगाराऐवजी 6 चित्रं 3 महिन्यांसाठी जांगड द्या, म्हणजे विकली तर पैसे, नाही तर चित्रं परत. जांगड पावतीवर प्रत्येक चित्राचा क्रमांक, तिने ठरवलेली किंमत, दुकानाचा टक्का, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे आणि खराब झालं तर भरपाई कोणाची, हे लिहून सही घ्या. देण्याआधी प्रत्येक चित्राच्या मागे तिने नाव आणि तारीख घालावी, आणि पुढून-मागून फोटो काढून ठेवावेत.