बहावा हिरवागार आहे, पण फुलत नाही
(परडं-अंगण : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं)

वळीव पडायला लागला की झाडं लावण्याचे प्रश्न सुरू होतात. या वेळच्या पत्रांत देशी फुलझाडांचे प्रश्न जास्त आहेत. आपल्या भागात शंभरेक किलोमीटरच्या पट्ट्यात जमिनीच्या तीन तऱ्हा आहेत : बेळगावची तांबडी माती, खानापूरचा जांभा आणि धो धो पाऊस, निपाणी-चिकोडीची काळी चिकण जमीन. म्हणून उत्तर वाचण्याआधी प्रश्न कुठल्या गावचा आहे ते बघा. निपाणीला चालणारा सल्ला खानापुरात झाड मारू शकतो.

दारात बहावा लावून ७ वर्षं झाली. १५ फूट उंच झालाय, पानं तजेलदार आहेत, पण एकदाही फुलला नाही. भोवती लॉन आहे, पाणी रोज मिळतं, खतही घालतो. आणखी काय घालावं? (निपाणी)

काही घालू नका. घालताय तेच बंद करा. बहावा हे पानझडीच्या रानातलं झाड. मार्च-एप्रिलात पानं गाळायची आणि उघड्या फांद्यांवर पिवळे घोस सोडायचे, ही त्याची रीत. रोजचं पाणी मिळालं की पानं गाळायची वेळच त्याच्यावर येत नाही. लॉनच्या खतात नत्र भरपूर असतं, त्यामुळे सगळा जोर पालवीत जातो. तुमच्या झाडाची तजेलदार पानं हेच दुखण्याचं लक्षण आहे.

फांद्यांच्या घेराखालचं लॉन काढून टाका. तिथे वाळलेल्या पाल्याचा तीन-चार इंच थर द्या, पण बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. तुमच्या काळ्या जमिनीत हा थर आणखी एका कारणासाठी हवा : उन्हाळ्यात ती भेगाळते आणि भेगेबरोबर बारीक मुळ्याही तुटतात. दिवाळीनंतर फुलोरा येईपर्यंत पाणी पूर्ण तोडा. ३ वर्षांपुढच्या बहाव्याला त्याने काही होत नाही. युरिया, डीएपी बंद. फांद्या छाटायच्या तर फुलोरा संपल्यावर, जूनच्या सुमारास. डिसेंबर-जानेवारीत छाटलं की येणारा बहर आपण आपल्या हाताने तोडतो.

झाडाला दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळतंय का, तेही तपासा. शेजारी मजला चढला आणि पश्चिमेचं ऊन गेलं, तर पाणी तोडूनही भागणार नाही. बी पेरून वाढवलेला बहावा फुलायला साधारण ५ ते ८ वर्षं घेतो, म्हणजे तुमचा फार मागे पडलेला नाही. पाणी तोडल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात फुलेल असं नाही, दोन उन्हाळे द्या. पावसाळ्यात पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारणी करू नका. त्या फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या असतात. पाला खातात, झाड मारत नाहीत.

तीस-चाळीसची साईट आहे. पुढे सहा फुटांची पट्टी, तिच्यात एका कोपऱ्यात संप (जमिनीखालची पाण्याची टाकी). देशी फुलझाड हवं, पण मुळांनी भिंत फुटेल अशी घरच्यांना भीती. (टिळकवाडी, बेळगाव)

भीती रास्त आहे. बहावा, ताम्हण यांना भिंतीपासून १० ते १२ फूट हवेत, काटेसावर आणि कदंबाला २५ फूटसुद्धा कमीच. सहा फुटांच्या पट्टीत त्यांचा विचार सोडा. झाड संपपासून निदान ८ फूट लांब आणि विजेच्या तारा डोक्यावर नसतील तिथेच लावा. तारांखाली लावलं तर लाईनमन दरवर्षी शेंडा मारणार, आणि झाड वेडंवाकडं होणार.

या जागेसाठी तीन पर्याय. पारिजातक सर्वांत सोपा : दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलतो, १२-१५ फुटांत राहतो. मात्र फुलं येतात त्या वर्षीच्या कोवळ्या फांदीवर, त्यामुळे बहर संपल्यावर दरवर्षी एक तृतीयांश छाटणी करा; नाहीतर खाली लाकूड आणि वर चार फुलं अशी गत होते. दुसरा बकुळ. सावकाश वाढतो, छाटणी सोसतो, पाचोळा कमी. पण दाट सावली धरतो, त्यामुळे खिडकीसमोर नको. तिसरा अंजनी, आणि आमची पसंती त्यालाच. खानापूरच्या जांभ्यावर हे झुडूपवजा झाड आपोआप उगवतं. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान फांद्याच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी मढतात. रोपवाटिकेत ते क्वचित मिळतं. पिकून काळी पडलेली फळं लगेच पेरावीत. रानातलं रोप उपटून आणू नका, ते बहुधा जगत नाही. शिवाय ते वनखात्याच्या जमिनीतलं असतं.

झाड पुढे मोठं झालं की काढून टाकू, असं म्हणत कुठलंही लावू नका. कर्नाटकात १९७६ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार बहुतेक झाडं तोडायला परवानगी लागते, स्वतःच्या अंगणातलीसुद्धा.

सोनचाफ्याचं कलम दोन वर्षं लावलं, दोन्ही वेळा श्रावणात पानं काळी पडून मेलं. खड्डा चांगला दोन फूट खणला होता. (खानापूर)

खड्डा चांगला खणला तोच नडला. जांभ्याच्या कातळात खणलेला खड्डा म्हणजे टाकं. वरून पोयट्याची भुसभुशीत माती भरली की पावसाचं पाणी आत येतं आणि बाहेर जायला वाट नसते. सोनचाफ्याची मांसल मुळं दोन-चार दिवसांत कुजायला लागतात. पानं काळी पडतात ते नंतर.

आता खड्डा खणून तो पाण्याने भरा. दुसऱ्या सकाळी पाणी शिल्लक दिसलं तर तिथे खड्ड्यात लावायचंच नाही. जमीन कुदळीने टोकरून खडबडीत करा आणि वर दीड फूट उंच, चार फूट रुंद उंचवटा रचा : दोन बुट्ट्या तांबडी माती, एक बुट्टी कुजलेलं शेणखत, एक बुट्टी जाडी वाळू या प्रमाणात, लागेल तितकं. कडेने जांभ्याचे दगड लावा, पण मध्ये फटी ठेवा. कलमाचा सांधा मातीच्या वर सहा इंच असावा. सांध्यावरची प्लॅस्टिकची पट्टी लावण्याआधी कापून टाका, ती तशीच राहिली तर वर्षभरात खोड आवळते. सांध्याखालून फुटलेले कोंब दिसताक्षणी खुडा, नाहीतर कलम मरतं आणि खालचं रानटी झाड वाढतं.

खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात ही लागवड जूनमध्ये करू नका. मोठा पाऊस ओसरल्यावर, गणपतीच्या सुमारास करा. निपाणी-चिकोडीकडे उलट : तिथे मृगाचा पाऊस मुरला की लगेच लावा, कारण पुढे पावसाचा भरवसा नाही.

पुढच्या पावसाळ्याआधी एकदा आणि मध्ये उघडीप मिळाली की एकदा १ टक्का बोर्डो मिश्रण (बुरशीनाशक) फवारा. १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात विरघळवा, भांडी प्लॅस्टिकचीच. दोन्ही एकत्र ओतून ढवळा. स्वच्छ लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, थोडी निवळी आणखी घाला. मिश्रण त्याच दिवशी वापरा.

बहावा, पळस, ताम्हण यांची बी भरपूर गोळा केली. पेरली तर काहीच उगवत नाही. (येळ्ळूर)

तिन्हींना एकच उपाय लावलात म्हणून. या तीन बियांचा स्वभाव अगदी वेगळा.

बहाव्याचं बी दगडासारखं. काळी, खुळखुळणारी शेंग हातोडीने फोडा, चिकट गर धुऊन टाका (तो रेचक असतो, लहान मुलांपासून दूर ठेवा). प्रत्येक बियाची एक कड सॅंडपेपरवर घासा, आतला फिकट भाग जेमतेम दिसेपर्यंत. रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी जी फुगलेली दिसतील तीच पेरा. न फुगलेली पुन्हा घासा. बी जास्त असेल तर उकळतं पाणी चुलीवरून उतरवून त्यात बी टाका आणि २४ तास तसंच राहू द्या. पाणी उकळत असताना बी टाकू नका, शिजेल.

पळसाला असलं काही लागत नाही. मे-जूनमध्ये चपटी शेंग गळते, तिच्या टोकाला एकच बी असतं. ते ताजं असतानाच, काही आठवड्यांत पेरायचं. वर्षभर डब्यात ठेवलंत की संपलं. शक्यतो कायमच्या जागीच टोचा, कारण त्याचं सोटमूळ खोल जातं आणि पिशवीतून हलवलेलं झाड अडतं. पिशवीच वापरायची तर निदान ८ बाय १२ इंची, आणि पहिल्याच पावसाळ्यात जमिनीत. दोन-तीन वर्षं वर फारशी वाढ दिसत नाही. तोवर मूळ खाली जात असतं. ‘मेलं वाटतं’ म्हणून उपटू नका.

ताम्हणाचं बी पंखांचं, हलकं. डिसेंबर ते फेब्रुवारीत बोंडं तपकिरी झाली की ती उकलण्याआधी काढून कागदावर सुकवा. बी खोल पेरलं हीच बहुतेकांची चूक. ओल्या मातीवर पसरायचं, वरून चाळलेली वाळू इतकीच की बी जेमतेम झाकेल. झारीने पाणी घातलं की वाहून जातं. ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्या. उगवण कमीच होते, म्हणून मुठीने पेरा.

पिशवीतलं कुठलंही रोप लावताना पिशवीच्या बुडाकडचा इंचभर भाग मुळांसकट पात्याने कापून टाका. तिथे मुळं वेटोळी घालून बसलेली असतात. ती तशीच राहिली तर झाड ५-६ वर्षं छान वाढतं आणि एखाद्या वादळात मुळासकट उलटतं. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला. कच्च्या शेणात हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, आणि ऊसवाल्यांना ती काय करते हे सांगायला नको. खड्ड्यात अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळली तर वाळवीचाही त्रास कमी होतो.

ताम्हण काळ्या जमिनीत चालेल का? आणि वनखात्याच्या रोपवाटिकेत पाट्या कन्नडमध्ये असतात, नेमकं काय मागायचं? (चिकोडी)

चालेल, पाणी असेल तर. ताम्हण महाराष्ट्राचं राज्यफूल असलं तरी झाडाला सीमेची फिकीर नाही, ओलीची आहे. कन्नडमध्ये त्याला ‘होळे दासवाळ’ म्हणतात, म्हणजे ओढ्याकाठची जास्वंद. कुठे लावायचं ते नावातच आलं. न्हाणीघराचं किंवा विहिरीच्या पाटाचं पाणी जाईल तिथे लावा, मात्र साबणाचं पाणी सरळ बुंध्यात नको.

बहावा म्हणजे ‘कक्के’, पळस ‘मुत्तुग’, सोनचाफा ‘संपिगे’, काटेसावर ‘बूरुग’, करंज ‘होंगे’, सुरंगी ‘सुरगी’. अशोक मागताना मात्र जपा. नुसतं ‘अशोक’ म्हटलंत तर सरळसोट, लांब नागमोडी पानांचा खोटा अशोक हातात पडतो. त्याची फुलं हिरवट, दिसतसुद्धा नाहीत. ‘सीताअशोक’ म्हणा आणि पान बघा : खऱ्या अशोकाच्या एका दांड्यावर पर्णिकांच्या चार-सहा जोड्या असतात आणि कोवळी पालवी तांबूस, लोंबणारी. त्याला सावली आणि ओल आवडते, चिकोडीचं उघडं ऊन नाही. घराच्या पूर्वेला लावा. फुलं जुन्या लाकडावर येतात, म्हणून जाड फांद्या कापू नका.

पांगाऱ्याची पानं आणि देठ गाठी येऊन सुजतात. (संकेश्वर)

ही एका अतिबारीक गांधीलमाशीची करणी आहे. ती कोवळ्या पानात अंडी घालते, आतली अळी गाठ धरते. वरून फवारलेलं औषध गाठीत पोचत नाही. सुजलेले शेंडे कापून लगेच जाळा, बांधावर टाकून ठेवू नका. छाटणीनंतर नवी पालवी एकदम फुटते आणि माशी पुन्हा तिथेच येते, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर छाटा. नवीन पांगारे सध्या लावू नका. बांधावर लाल फूलच हवं असेल तर पळस लावा.

गुलमोहर देशी नाही का? (गोकाक)

नाही, तो मादागास्करचा. देवचाफाही मेक्सिकोकडचा. आहेत ते तोडायचं कारण नाही, पण गुलमोहराची मुळं उथळ आणि फांद्या ठिसूळ, तेव्हा घराशेजारी नवीन लावू नका.

सुरंगीचं रोप बेळगावात जगेल का? नर झाड निघालं तर? (शहापूर, बेळगाव)

जगेल. पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा दोन बादल्या पाणी आणि दुपारच्या उन्हाला आडोसा द्या. सुरंगीत नर झाडं वेगळी असतात हे खरं, पण वास दोन्हींच्या फुलांना येतो. नर झाडाला फळ धरत नाही, एवढाच फरक. गजऱ्यासाठी लावणार असाल तर त्याने काही बिघडत नाही. बियाचं झाड फुलायला दहा-बारा वर्षं लावतं, कलम मिळालं तर तेच घ्या. फुलं जुन्या फांद्यांवर, पानं गळालेल्या पेरांशी, फेब्रुवारी ते एप्रिलात येतात, त्यामुळे आतल्या फांद्या साफ करण्याचा मोह टाळा. कळ्या पहाटे, उमलण्याआधी काढायच्या. ऊन वर आलं की त्या गजऱ्याच्या कामाच्या राहत नाहीत.