बॉयलर रूममधून अनुभवलेली लढाई

खानापूर तालुक्यातील पत्रलेखिकेस,

सप्रेम नमस्कार. तुमचे आजोबा 1961 च्या डिसेंबरात आयएनएस म्हैसूर या युद्धनौकेवर बॉयलर रूममध्ये होते आणि गोवामुक्तीच्या वेळची अंजदीव बेटावरील लढाई ते आजवर डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगत आले. यंदा पाहुण्यांसमोर तुमच्या धाकट्या भावाने फोनवर माहिती वाचून ‘खाली बॉयलरपाशी असताना बेट कसे दिसले?’ असे विचारले आणि तेव्हापासून त्यांनी तो विषयच बंद केला. आजोबा खोटे सांगत होते का, हा तुमचा प्रश्न आहे.

मला तसे मुळीच वाटत नाही. 18 डिसेंबरला अंजदीववर उतरलेली तुकडी पायदळाची नव्हती, नौदलाच्या नाविकांचीच होती. पोर्तुगीजांच्या गोळीबारात त्यांतील सात जण मारले गेले आणि उरलासुरला प्रतिकार दुसऱ्या दिवशी मोडला. बॉयलरवरच्या माणसाला तोफेचा हादरा पायाखालच्या पोलादातून कळतो, वेग कमी-जास्त करण्याचे हुकूम कळतात. बाकीचे सगळे पाळी संपल्यावर, मेसमध्ये, परतलेल्यांच्या तोंडून. साठहून अधिक वर्षे ते मनात घोळवल्यावर ऐकलेले कोठे संपते आणि पाहिलेले कोठे सुरू होते, हे सांगणाऱ्यालाही कळेनासे होते. त्यातच आपल्या भागात गोवामुक्ती म्हटली की बेळगावातून निघालेले लष्करच सर्वांना आठवते (मराठा लाइट इन्फंट्री या पायदळ रेजिमेंटच्या सेंटरच्या गावात ते साहजिकही आहे), त्यामुळे नौदलातल्या माणसाला ‘मी खाली होतो’ एवढेच सांगून कोणी ऐकत बसले नसते.

भावाने पाहुण्यांदेखत विचारले, तर क्षमाही घरच्या सर्वांसमोर मागावी. मात्र क्षमा मागताना फोनवर वाचलेली ती माहिती पुन्हा काढू नये. तुम्ही स्वतः त्यांना लढाईविषयी न विचारता त्या दिवसाविषयी विचारा: पाळी कोणती होती, खाली उकाडा किती होता, वरची बातमी प्रथम कोणी आणली, त्या रात्री मेसमध्ये जेवायला कोण नव्हते. या शेवटच्या प्रश्नावर ते थांबले, तर तुम्हीही थांबा. त्यांची परवानगी असेल तरच लिहून घ्या, आणि ‘कोणी सांगितले’ हेही सोबत नोंदवा. त्यांच्या हकिकतीचे मोल त्याने वाढेलच.

त्यांची झोप उडाली असेल किंवा जेवण कमी झाले असेल, तर मात्र वयाचे म्हणून सोडून देऊ नका. माजी सैनिकांसाठीच्या ईसीएचएस दवाखान्यात दाखवा आणि डॉक्टरांना हा प्रसंगही सांगा.

तुमची,
ताई