मान ताठ नाही म्हणून थांबू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की आठ महिन्यांच्या बाळाला कालपासून ताप आहे, दोनदा उलटी झाली, दुपारपासून दूध ओढत नाही. पण मान वाकतेय आणि पॅरासिटामॉलने ताप उतरतो, म्हणून सकाळपर्यंत थांबावं का? थांबू नका, हा मेंदूज्वर, म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणांची सूज, असू शकतो. रात्री मुलांचे डॉक्टर असतील अशा हॉस्पिटलमध्ये आत्ता निघा, बाकीचं वाटेत वाचा.

मी बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स होते. इतक्या लहान बाळाची मान मेंदूज्वरातही मऊ असू शकते. पॅरासिटामॉलने ताप उतरणं हाही दिलासा नाही, तो मेंदूज्वरातही उतरतो. ताप उतरल्यावर बाळ खेळतंय का, तुमच्याकडे बघतंय का, हे बघा. ताप नसतानाही ते मलूल असेल तर ते जास्त काळजीचं.

एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या, "उचललं की जास्त रडतोय, खाली ठेवला की गप्प." साध्या तापातलं बाळ खांद्यावर घेतलं की शांत होतं. मेंदूज्वरात उलटं होतं, कारण मेंदूभोवतीची आवरणं सुजलेली असतात आणि हलवलं की त्यांना ताण बसतो. लंगोट बदलायला पाय वर केले तरी ते बाळ किंचाळत होतं. त्या आजींच्या एका वाक्याने आमचं अर्धं काम केलं.

डोक्यावरची मऊ टाळू बघायची तर बाळ शांत असताना, बसतं धरून. रडताना ती तशीही वर येते. शांत असतानाही फुगलेली, घट्ट लागली तर वाट बघायची नाही. तसंच बारीक, चिरका रडण्याचा आवाज, हातपाय गार पडणं, सतत झोपेत असणं, झटके. अंगावर लाल-जांभळे ठिपके असतील तर काचेचा ग्लास दाबून बघा. काचेखालीही तसेच दिसत राहिले तर रक्तात जंतुसंसर्ग पसरल्याची शंका घ्यायची. सावळ्या अंगावर ते चटकन दिसत नाहीत, तळहात, तळपाय आणि पापणीच्या आत बघा. पण ठिपके उठायची वाट बघू नका, कित्येक मुलांना ते उठतच नाहीत.

वाटेत झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. घरातलं उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. आधीच दिलं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, कारण त्याने तपासणीत जंतू न सापडण्याची शक्यता असते.

तपासणीसाठी पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की घरचे घाबरतात, बाळ लुळं पडेल म्हणतात. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात, त्यामुळे ती भीती ठेवू नका. विषाणूचा मेंदूज्वर बहुतेक वेळा आपोआप बरा होतो, जिवाणूंचा काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतो, आणि कुठला ते त्या पाण्यावरूनच नीट कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जिवाणूंच्या मेंदूज्वरात ६ पैकी १ रुग्ण दगावतो आणि ५ पैकी १ जणाला गंभीर दुष्परिणाम राहतात. म्हणून कधी कधी पाणी काढायच्या आधीच अँटिबायोटिक सुरू करतात. ते बरोबरच असतं.

हिब आणि न्यूमोकोकस या मेंदूज्वर करणाऱ्या जिवाणूंवरच्या लसी झाल्यात का, कार्ड सोबत घ्या. झाल्या असतील तरी शंका सोडू नका, सगळे जंतू लशीत येत नाहीत. निदान मेंदूज्वराचं निघालं तर बरं झाल्यावर महिन्याभरात कानाची तपासणी मागून करून घ्या. ऐकू कमी येणं हा त्याचा नेहमीचा मागे राहणारा त्रास आहे, आणि लहान बाळात तो घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

तपासून साधा ताप म्हणून घरी पाठवलं, आणि तीन तासांनी बाळ आणखी सुस्त वाटलं, तर पुन्हा जा. त्याच रात्री. "मघाशी आलो होतो, आता जास्त आहे," एवढंच सांगा.