सावळ्या त्वचेला सनस्क्रीन हवं का?

प्रश्न : माझा रंग गडद सावळा आहे. उन्हात त्वचा कधी भाजत नाही. मग मला त्वचेच्या कर्करोगाची भीती आहे का? सनस्क्रीन लावावं का?

उत्तर : धोका आहे, पण गोऱ्या माणसापेक्षा पुष्कळच कमी. तुमच्या त्वचेतलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, बरंचसं ऊन अडवतं. मात्र गडद त्वचेत मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा घातक कर्करोग, बहुतेक वेळा ऊन पोचत नाही अशाच जागी उगवतो : तळपाय, तळहात, नखाखाली. तिथे सनस्क्रीन काय कामाचं? गायक बॉब मार्ले यांचा मेलॅनोमा पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली होता. १९८१ मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी ते गेले.

म्हणून महिन्यातून एकदा अंघोळीनंतर चांगल्या उजेडात तळपाय आरशात पाहा, बोटं फाकवून मधल्या बेचक्या तपासा, नेलपॉलिश काढून नखं बघा. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर बारीक, एकसारख्या काळपट रेघा असतात. त्या बहुधा निरुपद्रवी. एकाच नखावर नवी रेघ आली, ती रुंदावत चालली, तिच्यात वेगवेगळ्या छटा दिसल्या किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. ‘बूट लागला असेल’ म्हणून इथेच वेळ जातो. मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि मागे स्वच्छ नख येतं. रेघ मुळाला चिकटूनच राहते. शंका राहिली तर त्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासणं हाच खरा निकाल. भाजल्याच्या जुन्या व्रणावर न भरणारी जखम झाली, तर तीही दाखवा.

सनस्क्रीनचा तुम्हाला मुख्य फायदा वांग आणि काळे डाग रोखण्यासाठी. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्या, कारण डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग गडद करतो आणि साधं क्रीम तो फारसा अडवत नाही. एसपीएफ (ऊन अडवण्याची क्षमता सांगणारा डबीवरचा आकडा) ३० किंवा जास्त, यूव्हीए या उन्हातल्या अतिनील किरणांपासूनही संरक्षण देणारं. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीइतकं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत, मग डबीवरचा आकडा नावापुरताच उरतो.

प्रश्न : गाडीच्या काचा बंद असतील तर ऊन बाधतं का?

उत्तर : समोरची काच दोन थरांची असते, ती बहुतांश यूव्हीए अडवते. बाजूच्या साध्या काचांतून मात्र तो बराच आत येतो. लांबच्या प्रवासात खिडकीकडचा हात बाहीत ठेवा.