फेऱ्या मोजताना कुणाला विचारतेस?

अनेक आशीर्वाद.

वाहतूक नियोजनात यायचं तर आधी कोणतं सॉफ्टवेअर शिकू, असं तू विचारलंयस. जीआयएस, म्हणजे नकाशावर माहिती मांडायचं सॉफ्टवेअर, शीक; ते सहा महिन्यांत येतं. मला दुसरंच सांगायचंय.

नोकरीच्या पहिल्या वर्षी पुण्यातल्या एका वस्तीत मी घरोघरी प्रवासाचे फॉर्म भरत होते. एका घरी कर्त्या पुरुषाने उत्तरं दिली: सकाळी कामावर, संध्याकाळी घरी. "आणि वहिनी?" "ती कुठे जाते, घरीच असते." मी रकान्यात शून्य लिहिलं. चहा देताना वहिनी बोलल्या. पोराला शाळेत सोडणं, तिथून दोन सोसायट्यांमध्ये धुणीभांडी, येताना रेशन. सगळं पायी, कारण बस बदलली की दुसरं तिकीट. तो शून्य मी खोडला. आधीच्या घरांतले शून्य मात्र तसेच राहिले, त्याची टोचणी अजून आहे.

२०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचं साधन आणि अंतर विचारलं गेलं, तेही शेती आणि घरगुती उद्योग सोडून 'इतर कामगारां'ना. शाळा, दवाखाना, बाजार यांच्या फेऱ्या त्यात नाहीतच. अशाच आकड्यांवर आराखडा बेतला की शहर सकाळी नऊला एकीकडे जातं आणि सहाला परततं, असं दिसतं. पैसा त्याच दिशेच्या उड्डाणपुलात जातो. दुपारी दोनची बस बंद केली तर कुणाचं अडतं, हे कागदावर उमटतच नाही.

२००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांपेक्षा माणसांना महत्त्व दिलं. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे राखीव लेनमधून धावणारी बससेवा, सुरू झाली. तिच्यावर खूप वाद झाले, मी त्यात शिरत नाही. एवढंच शिकले की बसची लेन आखणं सोपं असतं, पण रस्त्याच्या मधल्या थांब्यापर्यंत म्हाताऱ्या माणसाला सुखरूप नेणं अवघड. म्हणून मोजपट्टी पिशवीत ठेव. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या निर्देशांत फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. विजेचा डीपी बॉक्स, झाड, पाट्या वगळून उरेल तेवढंच लिही.

सल्लागार कंपनी की महापालिका, हा प्रश्न मला फारसा मोठा वाटत नाही. कुठेही गेलीस तरी काही आठवडे बस डेपोत काढ. ड्यूटी चार्ट कसा लागतो, गाडी कमी पडली की कुठल्या मार्गाची फेरी आधी रद्द होते, ते बघ. बहुतेकदा ज्या मार्गावरून तक्रार करायला कुणी येत नाही, त्याचीच. ही माहिती कुठल्याही अभ्यासक्रमात मिळायची नाही.

रविवारी घरी ये. तुझ्या सर्वेक्षणाचा कच्चा फॉर्म घेऊन ये. 'उत्तर कोण देत आहे' हा रकाना त्यात कुठे घालायचा, आणि घरातल्या बाईला वेगळं कधी गाठायचं, ते बसून ठरवू.