साठा किती आणि ओघ किती? ‘फ्लक्स’बद्दल वाचकांचे प्रश्न

बारावीला चुंबकीय फ्लक्सचं एकक वेबर होतं. आता विसरणाच्या (पदार्थ दाट जागेकडून विरळ जागेकडे पसरण्याच्या) धड्यात फ्लक्स ‘दर चौरस मीटरला, दर सेकंदाला’ मोजतात. यातला खरा कोणता? आणि चुंबकातून वाहतं तरी काय?
– बी.एस्सी. प्रथम वर्ष, सातारा

दोन्ही खरे. तुमचा गोंधळ रास्त आहे, कारण एकाच शब्दाच्या दोन रूढी आहेत आणि पुस्तकं ते सहसा उघडपणे सांगत नाहीत. पावसाळ्यात कोयनेच्या बातम्या तुम्ही ऐकत असाल. ‘विसर्ग ५० हजार क्युसेक’ म्हणजे उघडलेल्या सगळ्या दरवाजांतून मिळून सेकंदाला ५० हजार घनफूट पाणी. विद्युतचुंबकत्वातला फ्लक्स या जातीचा असतो, म्हणजे अख्ख्या पृष्ठभागावरची बेरीज. उष्णता आणि विसरणाच्या अभ्यासात मात्र एका चौरस मीटरच्या वाट्याला काय आलं ते पाहतात. सूर्याकडून पृथ्वीच्या अंतरावर दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट ऊर्जा येते, तो फ्लक्स या दुसऱ्या जातीचा. कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते एकक बघितलं की कळतं.

चुंबकातून काहीही वाहत नाही. १८५०च्या दशकात मॅक्सवेलने फॅरेडेच्या बलरेषांचं गणित मांडताना एका काल्पनिक, दाबला न जाणाऱ्या द्रवाची उपमा घेतली होती. पुढे त्या द्रवाची गरज संपली, पण प्रवाहाची भाषा तशीच राहिली.

सोल्डरिंग करताना लावतात ते फ्लक्स वेगळंच का?
– आयटीआय विद्यार्थी, जळगाव

अर्थ वेगळा, मूळ एकच. लॅटिनमध्ये ‘फ्लुक्सुस’ म्हणजे वाहणं. तुमचं फ्लक्स धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतं, म्हणून वितळलेलं सोल्डर नीट पसरतं.

औषध दिल्यावर पेशींमध्ये एलसी३-२ या प्रथिनाची पट्टी ठळक झाली. ‘ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचेच घटक पचवणं) वाढली’ असं मी लिहिलं, तर मार्गदर्शकांनी ‘फ्लक्स कुठे दाखवलाय?’ म्हणून प्रबंधाचं प्रकरण परत दिलं. वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) पुरेसा नाही का?
– पीएच.डी. विद्यार्थिनी, पुणे

मार्गदर्शकांचं बरोबर आहे, आणि हे प्रबंध सादर करण्याआधी कळलं हे फार चांगलं झालं. हीच चूक छापून आलेल्या शोधनिबंधांतही सापडते.

पुन्हा धरणाकडे येऊ. पाणीसाठा वाढला, एवढ्यावरून आवक वाढली असं म्हणता येत नाही. आवक तेवढीच असेल आणि दरवाजे बंद केले असतील, तरीही साठा वाढतोच. उलट ५० हजार क्युसेक आत आणि तेवढेच बाहेर असतील, तर पातळी बोटभरही हलत नाही. तुमची पट्टी म्हणजे साठा आहे, फ्लक्स म्हणजे ओघ. एलसी३-२ हे प्रथिन ऑटोफॅगोसोमच्या (पचवायचा माल गुंडाळणाऱ्या पिशवीच्या) पटलावर बसतं आणि पुढे लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनाच्या कप्प्यात, त्यातलं बरंचसं पचून जातं. म्हणजे पट्टी दोन कारणांनी ठळक होते: नवे ऑटोफॅगोसोम जास्त बनले, किंवा बनलेले पचले नाहीत. दोन निष्कर्ष एकमेकांच्या अगदी विरुद्ध, आणि पट्टी मात्र सारखीच!

उपाय असा की दरवाजा आपणच बंद करायचा. बॅफिलोमायसिन ए१ देऊन लायसोसोममधलं पचन थांबवा आणि चार नमुने शेजारी शेजारी चालवा: काहीच न दिलेला, नुसतं औषध, नुसतं बॅफिलोमायसिन, आणि दोन्ही मिळून. नुसत्या बॅफिलोमायसिनपेक्षा ‘दोन्ही’मध्ये पट्टी आणखी ठळक झाली, तर औषधाने आवक वाढवली. दोन्हींत सारखीच राहिली, तर तुमचं औषधच दरवाजा अडवत असण्याची शक्यता मोठी. बॅफिलोमायसिनची मात्रा मात्र पचन पूर्ण थांबवणारी हवी, नाहीतर ही तुलनाच लंगडी पडते.

जपानी पेशीजीवशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना ऑटोफॅजीवरच्या कामासाठी २०१६चं नोबेल मिळालं, त्यामागचं निरीक्षण याच युक्तीवर उभं होतं. त्यांनी पचनाची एन्झाइमं नसलेलं यीस्ट उपाशी ठेवलं. पचन बंद असल्यामुळे यीस्टच्या रिक्तिकेत (त्याच्या पचनाच्या कप्प्यात) न पचलेले गोळे साचत गेले आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. मला हा प्रयोग अतिशय सुंदर वाटतो. तुमच्या प्रकरणाच्या प्रस्तावनेत तो जरूर घ्या.

ग्लायकोलिसिसमधलं (पेशीत साखर फोडण्याच्या मार्गातलं) दर ठरवणारं एन्झाइम यीस्टमध्ये वाढवलं, तर अल्कोहोल त्याच प्रमाणात वाढेल ना?
– जैवतंत्रज्ञान विद्यार्थी, नाशिक

नाही. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात यीस्टमधली आठ वेगवेगळी एन्झाइमं एकेक करून वाढवून पाहिली होती, आणि अल्कोहोल तयार होण्याचा वेग वाढला नाही. हेन्रिक कॅकसर आणि जेम्स बर्न्स यांनी एडिंबरामध्ये १९७३ सालीच याचं गणित मांडलं होतं. मार्गातलं प्रत्येक एन्झाइम ओघावर थोडंथोडं नियंत्रण ठेवतं आणि सरळ मार्गात या सगळ्या वाट्यांची बेरीज १ येते. एकाच पायरीवर सगळा ताबा असणं हा अपवाद. ‘दर ठरवणारं एन्झाइम’ हे शब्द पाठ्यपुस्तकांतून जावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

हृदयाचा रक्तप्रवाह मोजण्याच्या पद्धतीला ‘फिक’ म्हणतात. विसरणाचा नियम देणारे फिक तेच का? जीवशास्त्राने फ्लक्स भौतिकशास्त्राकडून उसना घेतला असं आम्हाला शिकवलं.
– एमबीबीएस विद्यार्थिनी, नागपूर

तेच. आडोल्फ फिक हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. फूरियेचं उष्णतेचं गणित त्यांनी पाण्यात विरघळणाऱ्या मिठाला लावलं आणि १८५५ मध्ये विसरणाचा नियम मांडला. तो आज भौतिकशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आहे, म्हणजे देणंघेणं दोन्ही बाजूंनी झालं. हृदयाची पद्धत त्यांनी १८७० मध्ये सुचवली, तीही आवक-जावकीच्या हिशेबावर. समजा, शरीर मिनिटाला २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतंय. फुप्फुसांतून निघालेल्या रक्तात लिटरमागे २०० मिलिलिटर ऑक्सिजन आहे आणि परत आलेल्या रक्तात १५०. म्हणजे प्रत्येक लिटरने ५० मिलिलिटर पोहोचवला. २५० भागिले ५०: हृदयातून मिनिटाला ५ लिटर रक्त गेलं, आणि ते कळायला हृदयातला प्रवाह थेट मोजावाही लागला नाही.