'जेवले' आणि 'जेवलो'मधला फरक

ताई, तुमचं सगळं नीट वाचलं. मुलगा पुण्यात फर्स्ट इयर इंजिनिअरिंगला, दोन महिने झाले, फोनवर "हां, ठीक, जेवलो, ठेवतो" एवढंच. तुम्ही म्हणताय गडहिंग्लजहून दर शनिवारी जाऊन येऊ का, आणि घरचे म्हणतायत की दिवाळीला आला की परत पाठवायलाच नको, इकडंच कुठंतरी घालूया. आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत लिहिलंय की ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय पण पोराला सांगितलं नाही, उगं टेन्शन नको. मला खरं तर त्या शेवटच्या ओळीवरच बोलायचंय, पण आधी दोन गोष्टी पटकन सांगतो.

परत आणू नका. दिवाळीपर्यंत इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनची शेवटची तारीख कधीच गेलेली असते, म्हणजे आणलं की वर्ष घरात, आणि भरलेली फी परत मिळवताना चपला झिजतात ते वेगळंच. आणि दर शनिवार तर अजिबात नको. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, मार्च २०२३ पासनं, म्हणून हा विचार सुचला असेल तर हसू नका, आमच्या बहिणीनं असंच केल्तं. गडहिंग्लज ते स्वारगेट एका बाजूनं सात-आठ तास, तुम्ही दमून जाणार, आणि तो पोरगा रूममेट्ससमोर आईला कुठं बसवू ह्या विचारात असणार.

आता माझं सांगतो. आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीतले, उद्यमनगरात माझं छोटं लेथचं वर्कशॉप. मी आयटीआय, बायको बारावी, घरातनं इंजिनिअरिंगला जाणारी आमची लेक पहिलीच. २०१९ ची बॅच तिची, त्याच वर्षी सीईटी पहिल्यांदा कॉम्प्युटरवर झाली आणि मार्कांऐवजी पर्सेंटाइल आलं, ते समजून घेण्यातच आमचा जून गेला. ऑगस्टच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तिला पुण्यात सोडून आलो. धनकवडीच्या बाजूला पीजी, तीन पोरी एका खोलीत. गादी, बादली, कांदा-लसूण चटणीची बरणी, सगळं लावून दिलं आणि मी अन् बायको येताना कराडपर्यंत एक शब्द बोललो नाही. कराडला चहा घेतला, तेव्हा बायको म्हणाली, तिची छत्री गाडीतच राहिली. बस्स, मग दोघंही रडलो, हॉटेलवाला बघत होता.

आणि मग चारच दिवसात महापूर. तुम्ही गडहिंग्लजचे, तुमच्या हिरण्यकेशी नदीनंही त्या वर्षी काय केलं ते तुम्हाला माहितीय. इकडं पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ च्या वर. जयंती नाल्यातनं पाणी उलटं शहरात शिरलं, व्हीनस कॉर्नरला होड्या, कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्तींचा चिखल, तेव्हा तर गणपती महिन्यावर आल्ते. शिरोलीला हायवे पाण्याखाली, जवळजवळ आठवडाभर पुण्याचा रस्ता बंद. आम्ही खालच्या मजल्यावर. रात्री दोनला पाणी उंबऱ्याला लागलं, तसं कागदपत्रं आणि गॅस सिलेंडर घेऊन राजारामपुरीत मेहुण्याकडं गेलो.

लेकीचा रोज फोन. आणि मी काय सांगायचो? "काय नाही गं, पाणी लांब हाय अजून, तू अभ्यास कर." घर गुडघाभर पाण्यात होतं आणि मी मेहुण्याच्या गॅलरीत उभा राहून तिला सांगत होतो की आत्ताच जेवलो, टीव्ही बघतोय. पाणी नव्हतं, लाईट नव्हती, टीव्ही कुठला. ती तिकडं बातम्यात आमचाच चौक बघत होती. आठ दिवस तिला कळत होतं की बाप खोटं बोलतोय, पण तिनं एकदाही म्हटलं नाही की पप्पा मला माहितीय. नुसतं "बरं" म्हणायची आणि ठेवायची. ते "बरं" मला अजून ऐकू येतं.

मग सप्टेंबर. २५ तारखेच्या रात्री पुण्यात आंबिल ओढा फुटल्यासारखा आला, कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर सगळीकडं पाणी, माणसं गेली त्यात. आम्ही अजून भिंतींची ओल वाळवत होतो, सकाळी सहाला टीव्ही लावला तर गाड्या एकावर एक चढलेल्या. लेकीचा फोन लागेना. साडेसातला लागला. "काही नाही पप्पा, पाऊस आहे नुसता, आमच्याकडे काही नाही, मी जेवले रात्री, झोपले पण." नंतर महिन्याभरानं कळलं की पीजीच्या पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं, पोरी रात्रभर जिन्यात बसून होत्या आणि ती जेवली नव्हतीच.

तर ते "मी जेवले". आता तुम्ही आपल्या भागातल्या, तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडच्या पोरी "मी आलो, मी जेवलो, मी जातो" असंच बोलतात. ही पण तशीच. पुण्यात पहिल्याच आठवड्यात वर्गात कुणीतरी हसलं, "तू मुलगा आहेस का" म्हणून, तसं तिनं ते सोडलं. फोनवर एकदम "मी आले, मी करते". बायकोला वाटलं पोरगी शहाणी झाली, मला वाटलं शिष्ट झाली, आणि दोघंही चुकलो होतो. हळूहळू माझ्या लक्षात आलं की रूममध्ये कुणी असलं की "जेवले", एकटी असली आणि खरं बोलत असली की "जेवलो". त्या दिवशी सकाळी साडेसातला रूममध्ये कुणी नव्हतं तरी "जेवले" होतं. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. तुमच्या पोराचं "जेवलो" कायमच बरोबर, त्यामुळं तुम्हाला ही सोय नाही, पण त्याचंही काहीतरी असं असणार, आवाजाचं, गप्प बसण्याचं, कान देऊन ऐका.

दिवाळीला आली ती चार दिवस नुसती झोपली. बायकोला राग आला, एवढं फराळाचं केलंय आणि ही उठतच नाही. मी म्हटलं झोपू दे. भाऊबीजेच्या रात्री गच्चीवर बसलो होतो तर सहज विषय निघाला आणि तिनं जिन्यातल्या रात्रीचं सांगून टाकलं. मी भडकलो, म्हटलं खोटं का बोललीस, आम्ही काय परके? तर म्हणाली, "तुम्ही पुरात टीव्ही बघत होता की पप्पा." एवढंच. पुढं काय बोलणार हो? मीच शिकवलं होतं तिला, आपल्या माणसाला त्रास नको म्हणून खोटं कसं बोलायचं ते.

त्या रात्री ठरलं. आजारपण असो, पैशाचं असो, दोन्हीकडनं खरं सांगायचं, जेवढं आहे तेवढं. सोपं वाटतं पण नसतं. वर्कशॉपला पुरात मोटार बसली होती, तिचं रिवाइंडिंग आणि बाकी मिळून बरंच गेलं, त्या महिन्यात तिच्या मेसचे पैसे पाठवायला मला पाच दिवस उशीर होणार होता. आधीचा असतो तर मी कुणाकडनं तरी उसने आणून भरले असते. ह्या वेळी सांगितलं. तर तिनं काय करावं, आठवडाभर एक वेळ मेस आणि एक वेळ चटणी-भाकरी, भाकऱ्या रूममेटच्या सोलापूरच्या आईनं पाठवलेल्या कडक भाकऱ्या, आणि वर मला सांगतेय की पप्पा आमची चटणी अख्ख्या मजल्यावर फेमस झालीय. मला वाईट वाटलं पण ती मात्र कधी नव्हे ती मोठ्यानं हसत होती, "खाल्लो की" म्हणत होती.

आपल्याकडं हे नवीन नाही हो. कोल्हापूर म्हणजे बोर्डिंगांचं गाव, शाहू महाराजांनी १९०१ पासनं एकेका समाजासाठी वसतिगृहं काढली, दसरा चौकात अजून उभी आहेत. माझे वडील राधानगरीकडनं येऊन अशाच एका बोर्डिंगात राहिले. घरनं एसटीनं डबा यायचा, भाकरी फडक्यात बांधलेली. ते सांगायचे की डब्यावर आईनं कोळशानं रेघ मारलेली असायची, एक रेघ म्हणजे घरी सगळं ठीक, दोन म्हणजे ये. आजीला लिहिता येत नव्हतं. आणि आपल्याकडं व्हिडिओ कॉल आहे तर आपण काय विचारतो, जेवलास का.

जानेवारीच्या शेवटी पहिल्या सेमचा निकाल आला, एम-वन, म्हणजे गणिताचा पहिला पेपर, राहिला. बारावीला गणितात चांगले मार्क असलेल्या पोरांचं पण एम-वन राहतं ताई, हे आधीच डोक्यात ठेवा, म्हणजे उद्या तुमच्याकडं तसा फोन आला तर तुमच्या तोंडातनं पहिलं वाक्य बरं निघेल. माझं बरं निघालं कारण तिनं निकालाच्या दिवशीच सांगितलं, चार वाजता, वर्कशॉप चालू असताना. "पप्पा, एम-वन गेला. रडून झालंय. ओरडणार असला तर आत्ताच ओरडा, सहाला क्लास आहे." मी लेथ बंद केला आणि म्हटलं पुढं काय करायचं ठरवलंयस. बायको मात्र दोन दिवस तिच्याशी बोलली नाही, ते पण लिहितो, कारण सगळं गोड गोड झालं असं नाही.

आणि आमच्या फोनाचं खरं बदललं ते फेब्रुवारीत. दुसऱ्या सेमला इंजिनिअरिंग ग्राफिक्स. तिला सेक्शनल व्ह्यू डोळ्यांसमोर येईना. एका रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉल, "पप्पा हे कापल्यावर आत काय दिसतं?" मी आयुष्यभर ड्रॉइंगं वाचलेला माणूस, डिलिव्हरी चलनाच्या पाठीमागं काढून दाखवलं, मग जेवणाच्या टेबलावर एक बुश, म्हणजे पोकळ गोल पार्ट, आणून ठेवला, दुसऱ्या दिवशी तसलाच एक वर्कशॉपात मधोमध कापला आणि कॅमेऱ्यासमोर फिरवला. हॅचिंग कुठं द्यायचं, कुठं नाही, फर्स्ट अँगलला टॉप व्ह्यू खाली का येतो, पाऊण तास. दुसऱ्या दिवशी परत. त्या दीड महिन्यात मी एकदाही विचारलं नाही की जेवलीस का, आणि बोलता बोलता मला सगळंच कळायचं, कुणाशी भांडण, मेसवाल्यानं कशात सोडा घातला, कुठली मैत्रीण घरी परत गेली. फोनला काहीतरी काम लागतं हो. पोरांना चौकशी नको असते. तुमचं शेत आहे म्हणालात ना, त्याला मोटारीच्या स्टार्टरचं विचारा, उसाच्या बिलाचा हिशेब करायला लावा, मोबाईलचं काहीतरी अडलंय म्हणा. खरंच अडलेलं मात्र असू दे, बनाव त्यांना लगेच कळतो.

एक गोष्ट मात्र गंभीर. गप्प असणं वेगळं आणि बुडणं वेगळं. झोपच नाही किंवा दिवसभर झोप, लेक्चरला जाणं बंद, आंघोळ-जेवणाचं भान नाही, किंवा "माझा काही उपयोग नाही" असली वाक्यं, असलं काही जाणवलं तर शनिवारची वाट न बघता मिळेल ती गाडी धरा, तिथं मी म्हणणार नाही की जाऊ नका. टेलिमानस म्हणून मनाच्या आरोग्याची हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, सरकारी, फुकट, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतः पण लावू शकता. आणि रॅगिंगचा संशय असला तर १८००-१८०-५५२२, यूजीसीची हेल्पलाइन. ॲडमिशनच्या वेळी तुम्ही आणि त्यानं दोघांनी अँटी-रॅगिंगचं प्रतिज्ञापत्र दिलंय, आठवत असेल, आम्ही पण न वाचताच सही केल्ती. त्याच्या एका रूममेटचा आणि रूममेटच्या आईचा नंबर घेऊन ठेवा, पण त्याला सांगून घ्या. सोलापूरच्या त्या बाईंशी माझी बायको अजून बोलते, पोरींपेक्षा जास्त.

आमचं पहिलं वर्ष अर्धंच झालं. मार्च २०२० ला सगळं बंद व्हायच्या आधी एक बॅग घेऊन आली, म्हणाली पंधरा दिवसांनी जातो, आणि वर्ष गेलं घरातच. एम-वन पुढं सुटला, २०२३ ला डिग्री झाली, आता बंगळूरला असते आणि पुण्याच्या मिसळीला नावं ठेवते.

आता तुमची ती शेवटची ओळ. तुमचा पोरगा फोनवर काही सांगत नाही म्हणून तुम्हाला लागलंय, आणि घरात ऑपरेशन ठरलंय ते तुम्ही त्याला सांगितलेलं नाही. उद्या त्याला कुठल्या तरी चुलत भावाच्या स्टेटसवरनं कळेल की वडील ॲडमिट आहेत, तेव्हा तो पण "बरं" म्हणेल आणि ठेवेल. तो अठराचा झालाय. त्याला तारीख सांगा, डॉक्टर काय म्हणाले ते सांगा, खर्चाचा आकडा सांगा, आणि तुम्हाला भीती वाटतेय हे पण सांगा. परीक्षा असली तर येऊ नको म्हणा, पण ठरवू दे त्याला. आणि हे सांगायचं काम वडलांनी करावं, तुम्ही नको. गुडघा त्यांचा आहे. आज रात्रीच सांगा, जेवायच्या वेळेनंतर, तेव्हा पोरं रूमवर असतात.